नाव 'टिंग', निर्णय दुसऱ्याचा

नॉर्वेच्या संसदेला म्हणतात स्टूरटिंग, म्हणजे मोठे टिंग. डेन्मार्कची संसद फोल्केटिंग, लोकांचे टिंग. आइसलंडची आल्थिंग, सर्वांचे थिंग. फेरो बेटांवर लोग्टिंग आहे आणि फिनलंडमधल्या स्वीडिशभाषक ओलांड बेटांवर लागटिंग. दोन्हींचा अर्थ कायद्याचे टिंग. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांच्या उत्तर भागात सामी हा आदिवासी समाज राहतो. त्याने निवडून दिलेल्या सभेला नॉर्वेत आणि स्वीडनमध्ये सामेटिंग म्हणतात. शब्द तोच आहे. पण पहिल्या पाच सभांनी आपल्या अखत्यारीतल्या एखाद्या कामाला नकार दिला तर ते काम होत नाही. सामेटिंगने नकार दिला तर तो नोंदवून घेतला जातो आणि बहुतेक वेळा काम पुढे चालू राहते.

हे मला अन्यायाचे वाटते. रेनडिअर पाळणाऱ्या सामींच्या कुरणांवर खाण निघावी की पवनचक्क्या उभ्या राहाव्यात, हे त्यांच्या सभेला विचारून भागत नाही. त्या सभेच्या संमतीशिवाय ते होता कामा नये. याची कारणे राज्यघटनांतून आणि आंतरराष्ट्रीय करारांतून देता येतात, आणि ती पुढे देतोच. पण सगळ्यांत भक्कम कारण त्या एका शब्दातच आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

नॉर्वेजियन किंवा डॅनिश माणूस घरातल्या साध्या वस्तूलाही टिंगच म्हणतो. फरक फक्त लिंगाचा. वस्तू असेल तर 'एन टिंग', सभा असेल तर 'एट टिंग', म्हणजे नपुंसकलिंगी. इंग्रजीतला 'थिंग' हा त्याचा सख्खा भाऊ. इंग्रजीने काळाच्या ओघात सभेचा अर्थ टाकून दिला आणि वस्तूचा तेवढा ठेवला. आइसलंडी भाषेने उलट केले: रोजच्या वापरातल्या वस्तूला तिथे 'ह्लुतुर' म्हणतात आणि थिंग हा शब्द मुख्यतः सभेसाठी राहिला.

सभा आणि वस्तू यांचा संबंध काय? बहुतेक अभ्यासकांच्या मते शब्दाचा मूळ अर्थ 'ठरलेली वेळ' असा असावा. गॉथिक भाषेत 'थेइख्स' म्हणजे काळ. ठरल्या वेळी लोक जमत, म्हणून जमण्याला तो शब्द लागला. मग जमलेल्यांपुढे जो तंटा येई त्याला, मग कोणत्याही बाबीला, आणि शेवटी कोणत्याही वस्तूला. लॅटिनमधला 'काउझा' म्हणजे खटला. त्याच्यापासून इटालियन 'कोझा' आणि फ्रेंच 'शोज' आले, आणि आज दोन्हींचा अर्थ वस्तू किंवा बाब.

मराठी वाचकाला हा प्रवास कळायला अवघड नाही, कारण तो आपल्याही भाषेत झालेला आहे. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गायी बांधण्याची जागा. आपला गोठा तिथूनच आला. गोष्ठी म्हणजे चार माणसांची बैठक आणि त्यांचे बोलणे. त्या गोष्ठीपासून आपली गोष्ट. 'एक गोष्ट सांगतो' म्हणताना ती कथा असते, 'ती गोष्ट वेगळी' म्हणताना मुद्दा असतो आणि 'बाजारातून दोन गोष्टी आण' म्हणताना चक्क सामान असते. टिंग आणि गोष्ट यांच्यात रक्ताचे नाते काहीच नाही. तरीही हजारो मैलांच्या अंतरावरच्या दोन समाजांनी बैठकीच्या शब्दातून वस्तूचा शब्द घडवला. चारचौघांत बसून जिच्याविषयी बोलावे लागते ती बाब, ही समजूत दोन्हीकडे होती.

हा शब्द किती जुना आहे याचा दगडी पुरावा उत्तर इंग्लंडमध्ये आहे. रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्स नावाची लष्करी चौकी होती. तिसऱ्या शतकात तिथे चाकरीला असलेल्या जर्मानिक सैनिकांनी 'मार्स थिंक्सस' या देवाला वेदी अर्पण केली. मार्स, म्हणजे आपला मंगळ, आणि तो थिंगचा देव. जर्मन भाषेत मंगळवाराला 'डीन्स्टाग' म्हणतात, त्याचा उगम याच देवनामात शोधतात. त्याही आधी, इ.स. 98 च्या सुमारास, टॅसिटस या रोमन लेखकाने जर्मानिक टोळ्यांच्या सभांचे वर्णन केले आहे. अमावास्येला किंवा पौर्णिमेला लोक हत्यारांसह जमत. प्रमुख बोलत. पसंत पडले नाही तर जमाव कुरकुर करून ते फेटाळी. पसंत पडले तर भाले एकमेकांवर आपटून होकार देई. बोलणारे थोडे असले तरी अखेरचा आवाज जमलेल्यांचा होता, आणि त्यात नकारालाही जागा होती.

आइसलंडमध्ये आल्थिंगची स्थापना 930 ची मानतात. जागा थिंगवेत्लिर, म्हणजे थिंगचे मैदान. देशाला राजा नव्हता, पोलीस नव्हते, लिहिलेला कायदाही नव्हता. कायदा एका माणसाच्या स्मरणात असे. त्याचे पदनामच 'कायदा सांगणारा'. दर उन्हाळ्यात कायद्याच्या खडकावरून तो एकतृतीयांश कायदा मोठ्याने म्हणे. तीन वर्षांत पूर्ण कायदा लोकांच्या कानांवरून जाई. लेखनाला सुरुवात 1117-18 च्या हिवाळ्यात झाली, म्हणजे जवळजवळ दोन शतके हा सगळा कारभार ऐकण्यावर आणि लक्षात ठेवण्यावर चालला. कायदा लोकांच्या कानांवर घालायचा, ही रीत आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटावर अजून जिवंत आहे. तिथल्या संसदेचे नाव टिनवाल्ड हे 'थिंगचे मैदान' याचेच रूप. दरवर्षी 5 जुलैच्या सुमारास चार पायऱ्यांच्या एका टेकाडावर ती उघड्यावर भरते, नवे कायदे इंग्रजीत आणि मँक्स भाषेत जाहीर होतात, आणि कोणीही नागरिक पुढे येऊन आपली तक्रार-अर्जी देऊ शकतो.

पश्चिम नॉर्वेतल्या गुलाटिंगचे एक वर्णन मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ते एगिल स्काल्लाग्रिम्सन या कवी-योद्ध्याच्या गाथेत येते. गाथा तेराव्या शतकात लिहिली गेली, घटना दहाव्या शतकातली, त्यामुळे तिचा शब्दन् शब्द इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण टिंग म्हणजे काय अशी त्या लोकांची कल्पना होती, हे तिच्यातून नेमके कळते. सपाट मैदानात हेझलच्या काठ्या गोलाकार रोवलेल्या. त्यांच्याभोवती दोर ताणलेला. या दोराला 'वेबोन्द' म्हणत, पवित्र बंध. (यातला 'बोन्द' आणि आपला 'बंध' ही एकाच मुळाची लेकरे.) दोराच्या आत छत्तीस पंच, तीन जिल्ह्यांतून बारा-बारा. एगिल आपल्या बायकोच्या वारशाचा दावा घेऊन आलेला. पलीकडे राजा एरिक आणि राणी गुन्हिल्ड, दोघेही त्याचे वैरी. निकाल एगिलच्या बाजूने जाण्याची चिन्हे दिसताच राणीच्या चिथावणीवरून काही माणसे दोरापाशी धावली, तो कापला, काठ्या उखडल्या आणि पंचांना पळवून लावले. सभा मोडली, दावा तसाच राहिला. गाथाकार हे सांगतो ते एका मोठ्या अधर्माची हकिगत म्हणून. दोर साधाच असतो, कोणीही सुरीने कापू शकतो. त्याच्या आत राजाचे चालत नाही हे राजालाही मान्य असणे, यावर सारे टिंग उभे असते.

आणि टिंगपुढे येणारी सगळ्यांत मोठी बाब म्हणजे जमीन. आजही नॉर्वेत घर किंवा शेत विकत घेतले की मालकीची जी सरकारी नोंद होते तिला 'टिंगलीसिंग' म्हणतात. डेन्मार्कमध्ये 'टिंगलीस्निंग', आइसलंडमध्ये 'थिंगलीसिंग'. टिंगपुढे जाहीर करणे, असा त्याचा अर्थ. जमिनीचा व्यवहार भरल्या सभेत वाचून दाखवला म्हणजे तो पक्का, अशी रीत होती. आता हे काम संगणकावर होते, तरी नाव तेच आहे. आपल्याकडच्या सातबाऱ्याइतकाच तो शब्द तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतो.

इथे जुन्या टिंगचे गुणगान करून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. आइसलंडमध्ये खरी सत्ता 'गोदी' म्हटल्या जाणाऱ्या सरदारांच्या हाती होती. गुलामांना टिंगमध्ये आवाज नव्हता, बायकांना जवळजवळ नव्हता. पुढे डॅनिश राजांच्या काळात त्याच थिंगवेत्लिरमध्ये, व्यभिचार आणि बालहत्येच्या आरोपांवरून, बायकांना नदीच्या डोहात बुडवून मारण्याच्या शिक्षा अमलात आल्या. तो डोह आजही त्याच नावाने दाखवला जातो. म्हणून प्राचीन टिंग म्हणजे आदर्श लोकशाही, असा माझा दावा नाही. दावा एवढाच की टिंगला लोक टिंग म्हणत ते तिथे काहीतरी ठरत असे म्हणून. नुसते बोलून घरी जायच्या बैठकीला हा शब्द नव्हता.

सल्ला देणारे, ठरवू न शकणारे टिंग म्हणजे काय, हे या देशांनी स्वतः भोगलेले आहे. आइसलंडचे आल्थिंग 1800 मध्ये बरखास्त झाले, फेरो बेटांचे लोग्टिंग 1816 मध्ये. डेन्मार्कने आल्थिंग 1845 मध्ये पुन्हा सुरू केले, पण केवळ सल्लागार सभा म्हणून. आइसलंडच्या लोकांना नाव परत मिळाले, अधिकार मिळाला नाही. 1851 मध्ये देशाच्या भवितव्यावर बोलायला राष्ट्रसभा बोलावली गेली आणि ती मनासारखी वागेना हे दिसताच राजाच्या प्रतिनिधीने ती गुंडाळली. तेव्हा स्वातंत्र्यचळवळीचे नेते योन सिगुर्डसन आणि इतर प्रतिनिधींनी उभे राहून जे म्हटले ते आइसलंडच्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते: 'आम्ही सगळे निषेध करतो.' कायदे करण्याचा अधिकार यायला 1874 उजाडले, प्रजासत्ताक व्हायला 17 जून 1944. ती घोषणा त्यांनी राजधानीत केली नाही. भर पावसात थिंगवेत्लिरला जाऊन केली.

नॉर्वेचे तर सारे एकोणिसावे शतक याच प्रश्नात गेले. 1814 मध्ये स्टूरटिंग झाले, पण देश स्वीडनच्या राजाशी जोडलेला होता आणि राजापाशी नकाराधिकार होता. शेवटचा शब्द कोणाचा, यावर 1884 मध्ये मंत्रिमंडळावर महाभियोग चालला. 1905 मध्ये स्वतंत्र वाणिज्य दूतावासांचा कायदा राजाने नाकारला आणि त्यावरून दोन देशांची ताटातूट झाली. ज्या राष्ट्राने आपल्या टिंगचा शब्द अखेरचा ठरावा म्हणून एक्क्याण्णव वर्षे भांडण केले, त्याला सामींचे म्हणणे सगळ्यांत आधी कळायला हवे होते.

सामींसाठी टिंग हा काही परवा शिकलेला शब्द नाही. उत्तर सामी भाषेत त्यांच्या संसदेला सामेदिग्गी म्हणतात. यातला 'दिग्गी' म्हणजे टिंगच, नॉर्डिक भाषेतून आलेला आणि सामी जिभेवर वळलेला. तो तिकडे गेला कसा? सतराव्या शतकात स्वीडनच्या राजाने उत्तरेकडे कर, चर्च आणि न्यायसभा एका जागी आणल्या. उत्तर स्वीडनमधल्या जोक्मोक्क गावाचा 1605 पासूनचा हिवाळी बाजार त्याच व्यवस्थेतला. त्या न्यायसभांत सामी पंच बसत आणि सामी कुटुंबांच्या करजमिनींचे तंटे त्यांच्या साक्षीने मिटत. जमीन कोणाची, वारसा कोणाचा, मासेमारी कोणाची, हे टिंगमध्ये ठरे. पुढे हा अधिकार हळूहळू जिल्ह्याच्या सरकारी कचेरीकडे सरकला आणि सामींची मालकी 'वापराची परवानगी' बनत गेली. म्हणजे सामी एकेकाळी टिंगमध्ये होते. त्यांना तिथून बाहेर काढले गेले. आज ते मागत आहेत ते नवे काही नाही.

आधुनिक सामेटिंगचा जन्म एका धरणाच्या भांडणातून झाला. उत्तर नॉर्वेतल्या आल्टा नदीवर जलविद्युत प्रकल्प ठरला तेव्हा 1979 मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत थेट स्टूरटिंगसमोर आपला पारंपरिक तंबू ठोकला आणि उपोषण केले. धरण झालेच. पण सरकारला सामींच्या हक्कांचा विचार करणे भाग पडले. 1987 मध्ये सामी कायदा आला आणि 9 ऑक्टोबर 1989 रोजी काराशोक इथे राजा ओलाव पाचवा याने सामेटिंगचे उद्घाटन केले. स्वीडनचे सामेटिंग 1993 मध्ये आले. 1997 मध्ये राजा हाराल्डने सामेटिंगपुढे मान्य केले की नॉर्वेचे राज्य दोन लोकांच्या भूमीवर उभे आहे, नॉर्वेजियन आणि सामी, आणि राज्याने केलेल्या अन्यायाबद्दल माफी मागितली. शब्द चांगले होते. शब्दांनुसार वागण्याची परीक्षा पुढे फोसेनमध्ये झाली.

फोसेन हा मध्य नॉर्वेतला द्वीपकल्प. दक्षिणी सामींची रेनडिअरची हिवाळी कुरणे तिथे आहेत. 2010 मध्ये तिथल्या स्टोरहेइया आणि रोआन या दोन ठिकाणी पवनचक्क्यांना परवाने मिळाले. पाळणाऱ्यांचा विरोध पहिल्यापासून होता. रेनडिअर फिरत्या पात्यांपासून आणि नव्या रस्त्यांपासून दूर राहतात, त्यामुळे कुरण जागेवर असले तरी कळपाला ते नसल्यासारखेच होते, असे ते सांगत होते. खटला चालू असताना बांधकाम सुरू झाले. 2018 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने स्टोरहेइयाचे काम थांबवायला सांगितले. नॉर्वेने ते थांबवले नाही. दोन्हीकडे मिळून 151 पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि फिरू लागल्या. मग 11 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की परवाने अवैध आहेत, कारण आपली संस्कृती जगण्याचा सामींचा हक्क त्यांनी मोडला आहे. न्यायालयाचा निकाल खुंटीला टांगून पाती फिरतच राहिली.

निकालाला पाचशे दिवस झाले तेव्हा, 2023 च्या फेब्रुवारीत, सामी तरुणांनी ओस्लोतल्या ऊर्जा मंत्रालयाच्या दालनात ठिय्या दिला. त्यांच्यातल्या अनेकांनी गाक्ती हा आपला रंगीत पारंपरिक पोशाख उलटा घातला होता, शिवण बाहेर आणि नक्षी आत. हे सामींमध्ये निषेधाचे जुने चिन्ह आहे. पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर नेले, ते दुसऱ्या मंत्रालयाच्या दारात जाऊन बसले. 2 मार्चला सरकारने माफी मागितली. फोसेनमध्ये एकत्र रेनडिअर पाळणाऱ्या दोन्ही कळपगटांशी तडजोडी 2023 च्या डिसेंबरात आणि 2024 च्या मार्चमध्ये झाल्या. त्यात एक कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे: दक्षिणेकडच्या गटाला, सध्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर पवनचक्क्या पुढे चालवायच्या की नाहीत, यावर नकाराधिकार मिळाला. संमतीचा अधिकार देणे अशक्य आहे असे जे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, तेच अखेर कागदावर लिहून द्यावे लागले. फक्त ते 2010 मध्ये दिले असते तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले नसते आणि एका पिढीचा हिवाळा वकिलांच्या कचेऱ्यांत गेला नसता.

माझ्या लेखी फोसेनमध्ये जे झाले ते दोर कापण्यासारखेच होते. खटला पंचांपुढे असताना कुरणावर काँक्रीट ओतायचे आणि निकाल लागल्यावर 'आता उभे आहे ते कसे पाडणार' असे विचारायचे, यात पंचांना पळवून लावण्याची गरजही उरत नाही.

स्वीडनची गोष्ट याहून अवघड आहे. तिथले सामेटिंग एकाच वेळी निवडून आलेली सभा आहे आणि सरकारच्या हाताखालचे खातेही. सभासद मतदारांना बांधलेले, कचेरी सरकारच्या आदेशांना बांधलेली. ज्या सरकारच्या धोरणाला विरोध करायचा त्याच सरकारचे परिपत्रक अमलात आणायचे, अशी ही रचना आहे. सामींशी सल्लामसलत बंधनकारक करणारा कायदा स्वीडनमध्ये 1 मार्च 2022 रोजी लागू झाला. त्याच महिन्याच्या 22 तारखेला जोक्मोक्कजवळच्या काल्लाकमध्ये लोखंडाच्या खाणीला सरकारने परवाना दिला. रेनडिअर पाळणारे गाव विरोधात होते, सामेटिंग विरोधात होते, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी आधीच हात जोडून थांबायला सांगितले होते. सल्लामसलत आणि संमती यांत किती अंतर आहे ते तीन आठवड्यांत दिसले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. सामी नागरिकांना स्टूरटिंगच्या किंवा स्वीडनच्या संसदेच्या निवडणुकीतही मत आहे. मग त्यांना वेगळा नकाराधिकार म्हणजे दोन मते देण्यासारखे नाही का? उत्तर असे की सामींची भूमी नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत वाटली गेली आहे. सीमा त्यांनी आखल्या नाहीत. त्या सीमांमुळे ते प्रत्येक देशात मूठभर झाले आणि त्या प्रत्येक संसदेत कायमचे अल्पमतात गेले. ओलांडच्या स्वीडिशभाषकांची स्थितीही फिनलंडमध्ये अशीच झाली असती. पण 1921 मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्या स्वायत्ततेची हमी घेतली आणि आज तिथे जमीन विकत घेण्यावरही प्रादेशिक अधिकाराची अट आहे. ओलांडच्या माणसाला दोन मते मिळाली, अशी तक्रार हेलसिंकीत कोणी गंभीरपणे करत नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. तेल सोडायचे तर पवनऊर्जा हवी, विजेवरच्या गाड्यांना धातू हवेत, आणि ते उत्तरेत आहेत. हवामानबदलाची झळ सामींना कोणाहून कमी नाही. हिवाळ्यात पाऊस पडून बर्फाचा कठीण थर धरला की रेनडिअरला खालचे दगडफूल खाता येत नाही आणि कळप उपाशी मरतात. पण ज्यांनी हवा बिघडवण्यात सगळ्यांत कमी वाटा उचलला त्यांच्याच कुरणावर उपाय उभारायचा आणि त्यांनाच हक्क सोडायला सांगायचे, हे न्यायाचे नाही. शिवाय संमतीचा अधिकार म्हणजे प्रत्येक वेळी नकार नव्हे. ज्याला नकार देता येतो त्याच्याशीच खरी बोलणी होतात: जागा बदलता येते, पवनचक्क्यांची संख्या कमी होते, मोबदला ठरतो.

भारतातही हे माहीत असायला हरकत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जो अधिकार दिला त्याच्या बळावर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे पाठवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा वनहक्कांच्या कागदांनी खरी करून दाखवली. आपल्याकडे ग्रामसभेची संमती कागदोपत्री उरकून घेण्याचे प्रकार कमी नाहीत, हे खरेच. पण निदान कायद्यात 'संमती' हा शब्द आहे. श्रीमंत, सुशासित म्हणून ज्यांची नावे आपण घेतो त्या देशांच्या सामी कायद्यांत संमतीची सक्ती नाही.

ग्रीनलंडचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. तिथल्या सभेला डॅनिश भाषेत लान्सटिंग म्हणत. 2009 मध्ये स्वराज्याचा नवा कायदा आला, ग्रीनलंडी ही एकमेव अधिकृत भाषा झाली, आणि सभेचे नाव इनात्सिसार्तुत राहिले: कायदे करणारे. टिंग हा शब्द गेला, पण खनिजांवरचा अधिकार आला. 2021 च्या निवडणुकीत दक्षिणेतल्या एका मोठ्या खाणीचा मुद्दा गाजला, विरोध करणारा पक्ष जिंकला आणि त्याच वर्षी सभेने युरेनियमच्या खाणकामावर बंदी घालणारा कायदा केला. प्रकल्प अडला. एका बाजूला टिंग नाव नसलेली आणि ठरवू शकणारी सभा. दुसऱ्या बाजूला टिंग नाव असलेली आणि ठरवू न शकणारी.

म्हणून नॉर्वेने सामी कायद्यातले सल्लामसलतीचे कलम बदलून रेनडिअरच्या कुरणांवरच्या मोठ्या बांधकामांना सामेटिंगची आणि संबंधित कळपगटांची संमती आवश्यक करावी, आणि खटला निकाली निघेपर्यंत तिथे कुदळ मारायला मनाई करावी. स्वीडनने सामेटिंगची सरकारी कचेरी वेगळी काढून सभेला सभा राहू द्यावे. आदिवासींच्या हक्कांचा 169 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार नॉर्वेने 1990 मध्ये जगात सर्वांत आधी मान्य केला. स्वीडन आणि फिनलंड यांनी तीस वर्षांहून अधिक काळ फक्त चौकशी समित्या नेमल्या. त्या दोघांनी तो करार आता स्वीकारावा, आणि जमिनीच्या मालकीविषयीची त्याची कलमे उत्तरेकडच्या जिल्ह्यांत लागू करायची कालमर्यादा त्याच ठरावात लिहावी.